सरूवन्स, आई बोलल्या

१२ फेब्रुवारी १९९७
धरमतरजवळ, ता. पेण

सरूवन्स,

रोहिणीचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न वाचताच फाडाल अशी भीती वाटते, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिते. आई आजारी आहेत, आणि आजार तुम्हाला होता तसलाच दिसतो आहे. पुढं वाचायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा.

नऊ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ पाठवली नाही. तुमचे भाऊ म्हणायचे, "सरूनं नातं तोडलंय, सरूच जोडेल." मला ते सोयीचं होतं. का सोयीचं होतं, ते लिहायला आज धीर होत नाही.

आईंना अठ्ठावन्न पुरी झाली. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. तरी अजून मिठागरावर जातात, आणि भरल्या पाटीला कुणाचा हात लागू देत नाहीत. संक्रांतीनंतर मात्र त्या आपलं लुगडं वेगळं धुवायला लागल्या, विहिरीवर कुणी यायच्या आत. मी विचारलं तर म्हणाल्या, "मूळव्याध हाय, जाईल." मी अंगणवाडीची सेविका. गावातल्या बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या वाटते, आहार सांगते, आणि घरातली बाई पांढरी पडत चाललेली मला महिनाभर दिसली नाही.

परवा त्या बांधावर पाटीसकट खाली बसल्या. शेजारच्या हौसानं त्यांना घरी आणलं. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं.

"आई, रक्त कुठून जातंय?"

"तुना काय करायचंय?"

"सून आहे मी तुमची."

त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या. मला वाटलं डोळा लागला. मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "सरूला पण असाच जायचा गो?"

नऊ वर्षांत या घरात तुमचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं, वन्स. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्यांना वाटतं हा कॅन्सर आहे, आणि तुमचा तळतळाट लागलाय. मी म्हटलं, वन्स तसा तळतळाट देणाऱ्या नाहीत. मला तशी खात्री आहे असं नाही, पण म्हटलं. सोमवारी त्यांना पेणला घेऊन जाते.

रोहिणी


३ मार्च १९९७

सरूवन्स,

तुमचं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुमच्या हातात पडलं असं धरून लिहिते.

सोमवारी एसटीत आई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पेणला बाजाराच्या मागं एक डॉक्टरीणबाई दोन वर्षांपूर्वी आल्यात, मृणाली मॅडम. वयानं माझ्याहून लहान असतील. आईंनी त्यांना बघितलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "ही पोर काय सांगनार?"

पण त्या पोरीनं आईंना आधी बसवलं, पाणी दिलं, आणि मिठागराचं काम कसं चालतं ते विचारलं. किती वजनाची पाटी, किती खेपा, उन्हात पाणी पिता की नाही. आई बोलायला लागल्या. बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की दोन महिने जातंय, कधी डाग, कधी जास्त. मला तोंड उघडावं लागलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "आजी, पाळी जाऊन वर्ष झालं, की त्यानंतर एक थेंब जरी गेला तरी दाखवायचं. घाबरण्यासारखं असेलच असं नाही. दहाजणींत एखादीलाच वाईट निघतं. पण ती एक आपण नाही, हे बघितल्याशिवाय कसं कळणार?"

पनवेलला सोनोग्राफी केली. पिशवीचं आतलं अस्तर या वयात पातळ असायला हवं, ते आईंचं जाड झालेलं दिसलं. मॅडमनी भूल देऊन पिशवी आतून खरवडून घेतली. त्यात मांसाचा एक कोंबही निघाला, करंगळीच्या पेराएवढा. ते सगळं औषधाच्या पाण्यात, बाटलीत घालून तपासायला मुंबईला पाठवलंय. दहा-पंधरा दिवस लागतील.

तुमचे भाऊ डोलवीच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून तसेच दवाखान्यात आले होते. मॅडमना म्हणाले, "मॅडम, तपासत काय बसता? पिशवी काढूनच टाका ना. म्हातारीला आता ती करायचीय काय?" दुसऱ्या एका डॉक्टरनंही त्यांना तसंच सांगितलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "काळुरामभाऊ, गरज पडली तर मीच काढा म्हणेन. पण त्यांना रक्त कमी आहे, ऑपरेशन मोठं आहे. गोळ्यांनी भागणार असेल तर पोट कशाला फाडायचं? लाजून लपवायचं नाही, तसं घाबरून कापायचंही नाही."

मग जे झालं ते तुम्हाला कळायलाच हवं. निघताना आई दारातून मागं फिरल्या. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाय, माझे लेकीला पण जायचा. दीड वरीस. ती माझ्याकडं आली व्हती. मी तिला सांगितला, बाईचे जातीला असतंच, चारचौघांत बोलू नको. मग ती रोह्याला भाताचे लावणीत पडली, तीन बाटल्या रगत चढवला, आनी पिशवी काढली. बत्तीस वरसांची व्हती. पोर नव्हता झाला अजून. लवकर आली असती तं वाचली असती पिशवी?"

मॅडमनी मान खाली घातली. मला वाटलं, म्हातारीची समजूत काढतील, नशिबावर घालतील. पण त्या म्हणाल्या, "आजी, मी तेव्हा तिला तपासलेलं नाही, त्यामुळं नक्की सांगता येणार नाही. पण बहुतेक वाचली असती."

आई म्हणाल्या, "बरं." एवढंच. परतीच्या एसटीत त्यांनी माझा हात धरला तो गाव येईपर्यंत सोडला नाही.

रोहिणी


२१ मार्च १९९७

सरूवन्स,

कॅन्सर नाही!

रिपोर्ट मी स्वतः पेणहून आणला. अस्तराची वाढ साधी आहे, पेशी बिघडलेल्या नाहीत. कोंबही साधा. मॅडमनी सहा महिने रोज घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, मग पुन्हा एकदा खरवडून तपासायचं. तेव्हा अस्तर पातळ झालेलं दिसलं तर झालं.

आई ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी निवडायचं थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजे तळतळाट नव्हता." मी म्हटलं, "नव्हता." तर म्हणाल्या, "मंग सरूचं देणं माझ्यावर आजून उरलंच हाय."

त्यांनी तुम्हाला दिलेला त्रास त्या विसरत नाहीयेत, वन्स. मीच विसरायला बघत होते. आता ते लिहिते.

तुम्ही त्या वेळी माहेरी आलात ती दिवाळी आठवा. आईंशी बोलायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघरात मला सांगितलं होतं. म्हणालात, "रोहिणी, मला उभं राहवत नाही गो, कपडे पुरत नाहीत." मी नुकतीच लग्न होऊन आलेली, पण दहावी शिकलेली. पेणला सरकारी दवाखाना आहे हे मला माहीत होतं. तुम्हाला तिथं न्यायला हवं हेही कळत होतं. आईंनी तुम्हाला गप केलं तेव्हा मी चुलीपाशीच होते. मी भाकरी उलटली. नवी सून, मोठ्यांच्या मधे कशी बोलू, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मला आईंची भीती वाटली आणि मी तुम्हाला सोडून दिलं.

तुम्ही आईंवर रागावलात, माझ्याशी मात्र पुढंही चार शब्द बोलायला तयार होतात. रोह्याच्या दवाखान्यात तुम्ही माझ्याकडं पाणी मागितलंत. म्हणजे तुमच्या लक्षात आलं नव्हतं, की त्या दिवाळीला चुलीपाशी मीही होते. ते तसंच राहिलेलं मला बरं वाटत होतं. म्हणून पत्र लिहीत नव्हते.

क्षमा मागत नाही. मागायचा हक्क आधी कमवावा लागतो, हे मी सध्या आईंकडं बघून शिकते आहे.

रोहिणी


१६ जुलै १९९७

सरूवन्स,

चार महिने लिहिलं नाही. आता तुमच्या आईनं काय केलंय ते ऐका.

गोळी त्या सकाळच्या चहाबरोबर घेतात. एक दिवस चुकला नाही. सुरुवातीला डोकं दुखायचं, अंगावर सूज आल्यासारखं वाटायचं. मला वाटलं सोडून देतील. तर म्हणाल्या, "मिठाचे पाटीनं मान मोडली तवा सोडलं नाय, ही एवढीशी गोळी कशाला सोडू?" जाणं तर दुसऱ्याच महिन्यात थांबलं.

एप्रिलमध्ये मिठागराचं काम जोरात होतं. तिथं हौसा रोज दोनदा आडोशाला जाते, हे आईंच्या लक्षात आलं. हौसा शेहेचाळीसची. तिला महिन्यातले वीस दिवस जात होतं. तिला वाटायचं, पाळी जायची वेळ आली की असं होणारच. आईंनी तिला दुपारच्या भाकरीला सगळ्यांच्या देखत विचारलं, "हौसा, किती दिस जातंय गो?" हौसा लाजून उठायला लागली तर आईंनी तिचा पदर धरला. "बस. मना पण जात व्हता. मी पेणला जाऊन खरवडून आले. मेले नाय."

दुसऱ्या दिवशी खाडा करून तिला पेणला घेऊन गेल्या. त्यांना एसटीची पाटी वाचता येत नाही, दर वेळी कुणाला तरी विचारतात, पण गेल्या. हौसाला रक्त इतकं कमी निघालं की मॅडमनी आधी ते वाढवलं, मग तपासलं. तिचंही साधंच निघालं. आता गोळ्या चालू आहेत आणि ती माणसांत आली आहे.

हौसानंतर गिऱ्हाईक वाढलं! आई एकेकीला घेऊन जायला लागल्या. एकूण पाचजणी. त्यातल्या एकीचा रिपोर्ट चांगला आला नाही. तिला मॅडमनी लगेच मुंबईला पाठवलं. वेळेत सापडलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तिचा नवरा आईंच्या पाया पडायला आला, तर आईंनी त्यालाच झापलं, "तिला सहा महिने जात व्हता तवा तू कुठं व्हतास रं?"

मागल्या आठवड्यात मी मॅडमना अंगणवाडीत बोलावलं. पावसात चिखल तुडवत आल्या बिचाऱ्या. चाळीसेक बायका जमल्या. मॅडमनी चित्र काढून समजावलं. मग म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय? सगळ्या जमिनीकडं बघत बसल्या. मीसुद्धा. एवढं सगळं झाल्यावरही, चाळीसजणींपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटली.

आई उठल्या.

म्हणाल्या, "बायांनो, मना वाचता येत नाय, पन हे मना कळला. मिठाचे वाफ्यात तळाला गाळ जास्ती बसला, तं आपन काय करतो? खरवडतो आनी बघतो, का बसला. वाफा बुजवत नाय आनी तसाच सोडत पन नाय. तसा हा हाय." काहीजणी हसल्या. आई हसल्या नाहीत. "आता दुसरा ऐका. माझी सरू तुमी सगळ्यांनी बघितलीय. ती माझ्याकडं आली, सांगितलान, आय, मना लय जातंय. मी तिचे तोंडावर हात ठेवला. तिची पिशवी गेली, पोर नाय झाला. लोक बोलतात, सरूचं नशीब. नशीब नाय. मी व्हते ती. तुमची लेक आली, सून आली, तं तिचे तोंडावर हात ठेवू नका. एवढाच सांगायचा व्हता."

आणि खाली बसल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मला विचारायचं हाय." मग दुसरी. मॅडमना निघायला अंधार झाला.

घरी आल्यावर तुमचे भाऊ चिडले. कुणीतरी त्यांना वाटेतच सांगितलं होतं. "घरातला चव्हाट्यावर मांडलास आये. लोकं काय बोलतील?"

आई म्हणाल्या, "लोकं काय बोलतील म्हनूनच तं तुझे बहिनीला गप केली व्हती मी. आता पुन्हा नाय करायची."

ते जेवले नाहीत. पण सकाळी डोलवीला जाताना मला हळूच म्हणाले, "साहेबाच्या बायकोला असाच तरास हाय म्हने. ते मॅडमचा पत्ता लिहून दे."

वन्स, मी या बाईला दहा वर्षं घाबरले. आता तिच्या मागून चालायला मला अभिमान वाटतो. तुम्हाला हे वाचून राग येत असेल, की जगाला शहाणपण शिकवते आणि माझ्या वेळी काय झालं होतं. तो राग बरोबर आहे. आईसुद्धा तसंच म्हणतात. मी फक्त झालं तसं कळवलं.

रोहिणी


२ ऑक्टोबर १९९७

सरूवन्स,

गेल्या महिन्यात आईंचं पुन्हा खरवडून तपासलं. काल रिपोर्ट आला. सगळं स्वच्छ. गोळ्या बंद. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि मधे थेंब जरी दिसला तरी त्याच दिवशी यायचं.

मॅडमनी विचारलं, "आजी, आता काय करणार?"

आई म्हणाल्या, "आता रोह्याला जानार."

आधी का गेल्या नाहीत, ते त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. आजारी असताना गेल्या असत्या तर तुम्हाला वाटलं असतं, मरायला टेकली म्हणून आली. तुम्हाला दया आली असती, आणि दयेपोटी तुम्ही माफ केलं असतं. तसं त्यांना नको होतं. "मी धडधाकट असतांना तिनं मना हाकलली पायजे. तो तिचा हक हाय."

उद्या सकाळच्या गाडीनं निघतील. मी बरोबर येते म्हटलं, नको म्हणाल्या. नागोठण्याला गाडी बदलायची की नाही, तेही विचारून घेतलं नाही. हे पत्र कदाचित त्यांच्या मागून पोचेल.

तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही.

रोहिणी


९ ऑक्टोबर १९९७
रोहा

रोहिणी,

तुझं पत्र आई आल्यावर तिसऱ्या दिवशी आलं. आधीची चारही मिळाली होती. चारही ठेवलीत. मला लिहायला जमत नाही, हे पत्र ह्यांच्याकडून न लिहवता मीच लिहिते आहे, चुका असतील.

आई शुक्रवारी दुपारी आली. मी अंगणात वाळत घातलेलं भात हलवत होते. फाटकात कोणी उभं दिसलं, वाटलं मासळीवाली. मग ओळखलं. नऊ वर्षांत बारीक झालीय. आत आली नाही. फाटकात उभं राहूनच म्हणाली, "सरू, मी तुझे तोंडावर हात ठेवला. मी ठेवायला नको व्हता."

मी म्हटलं, "नऊ वर्षं लागली तुला हे बोलायला?"

"व्हय."

"तुला स्वतःला गेलं तेव्हा कळलं."

"व्हय. तवाच कळला."

मी पुष्कळ बोलले गो. जे नऊ वर्षं मनात जुळवत होते ते सगळं. शेजारची काशीबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली तरी थांबले नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर मी रिकाम्या घरात कशी बसायचे ते सांगितलं. ह्यांना दुसरं लग्न करा म्हणून लोक सांगायचे आणि हे माणूस चांगले म्हणून त्यांनी ऐकलं नाही, ते सांगितलं. ती उन्हात उभी होती. एकदाही मधे बोलली नाही, रडली नाही. रडली असती तर मी फाटक लावून घेतलं असतं.

माझं बोलणं संपलं. बोलून तहान लागली म्हणून मी घरात पाणी प्यायला गेले. एक तांब्या प्याले, आणि दुसरा भरून बाहेर घेऊन आले. का आणला, ते मला माहीत नाही. तिनं तो उभ्यानं प्याला. मग मी म्हटलं, "ऊन हाय, आत ये."

संध्याकाळी ह्यांनी तिला नमस्कार केला, विचारपूस केली. माझ्यासारखे ते कधी रागावलेच नाहीत. मी जेवण वाढलं.

झोपायच्या आधी तिनं मला विचारलं, "सरू, टाके कुठं हायत? मी बघितले नाय."

रोहिणी, नऊ वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी पोराचं विचारलं. टाक्यांचं कुणी नाही. मी पदर बाजूला केला आणि दाखवले. तिनं त्यावर हात ठेवला. तिचा हात किती खरखरीत आहे ते तुला माहीतच आहे. खूप वेळ ठेवला. तिनं काही बोलावं असं मला वाटलं नाही.

तू चुलीपाशी होतीस ते मला तेव्हाही माहीत होतं. भाकरी करपली होती, मी बघितली. तू लिहिलंस म्हणून मी आज लिहिते आहे.

सगळं मिटलं असं समजू नकोस. सकाळी उठल्यावर मला पुन्हा तिचा राग आला होता. ती चूल पेटवत होती, मी तिला म्हटलं, "मला अजून राग आहे." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी हाय इथं."

काशीबाईनं त्या दिवशी कुंपणाआडून सगळं ऐकलं होतं. काल ती परसात येऊन आईच्या कानाशी लागली. एकसष्टची आहे, तीन महिने लपवलंय. येत्या मंगळवारी आम्ही तिघी पेणला येतोय. आई म्हणते ती रस्ता दाखवेल, पण तिला पाटी वाचता येत नाही, म्हणून मी बरोबर येते आहे.

दवाखान्यातून परस्पर परत यायचं असं मी ठरवलं होतं. आता काशीबाईला किती वेळ लागतो त्यावर आहे. भाकरी तिघींची जास्त टाक.

सरू